१६० एकर फुकट मिळाली, तरी कर्जात कसे बुडाले? (कॅन्ससची सुरुवातीची शेती)

मुक्काम_विचिटा
नमस्कार मंडळी. इथे इतिहासवाले आणि शेतीवाले दोन्ही आहेत, म्हणून विचारतोय.

नोकरीनिमित्त अमेरिकेत, कॅन्सस राज्यात राहतो. शहर संपलं की दोन्हीकडे गहू आणि रस्ते फूटपट्टीने आखलेले, दर मैलाला चौक. हे असं का, म्हणून हापिसातल्या एका इथल्याच माणसाला विचारलं, तर त्याने अख्खी कुळकथा सांगितली. त्याचे खापरपणजोबा १८७०च्या दशकात ओहायोतून आले. सरकारने मैल बाय मैलाचे चौकोन मोजून ठेवले होते, प्रत्येकी ६४० एकरांचे. त्याचा पाव हिस्सा, म्हणजे १६० एकर, अर्ज करून घ्यायचा, पाच वर्षं तिथे राहून कसायचा आणि मग नावावर करून घ्यायचा. लिंकनने २० मे १८६२ रोजी सही केलेला होमस्टेड कायदा तो हाच. एकवीस वर्षांवरचा कोणीही चाले. एकटी बाई, विधवा, नागरिकत्वाचा अर्ज केलेला परदेशी, सगळे. अट एवढीच की सरकारविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं. सगळी फी मिळून १८ डॉलर.

इथवर ठीक. पण पुढे म्हणाला, १८९०च्या आसपास त्यातली निम्मी जमीन गहाणात गेली. मग थोडं वाचलं तर ही घरोघरचीच गोष्ट निघाली. पश्चिमेकडचे जिल्हेच्या जिल्हे रिकामे झाले.

आता मला सांगा, १६० एकर म्हणजे आपल्याकडे जहागीर. जमीन खोल, गवताने पोसलेली, वर फुकट. तरी माणूस बुडतो कसा?

फुकट_फौजदार
दीड गुंठ्याच्या बांधावरून आमची तिसरी पिढी कोर्टात आहे. अर्ज कुठे करायचा तेवढं सांगा.

मुक्काम_विचिटा
@फौजदार, उशीर झाला. १९७६ साली बंद केला कायदा. अलास्कात १९८६पर्यंत चालू होता, पण तिथे तुम्ही ज्वारी काय पेरणार!

सातबारा
सगळी नोकरी शेतीकर्जं देण्यात (आणि वसूल न होण्यात) गेली, त्यामुळे हा धागा माझ्या हक्काचा.

जमीन फुकट होती, शेती फुकट नव्हती. ते गवताळ रान हजारो वर्षं नांगर न लागलेलं. मुळांचं जाळं इतकं घट्ट की साधा नांगर शिरायचाच नाही. त्यासाठी खास फाळाचा मोठा नांगर आणि बैलांच्या दोन-तीन, कधी त्याहून जास्त जोड्या. ज्याच्याकडे नाहीत त्याने एकरी दोन-चार डॉलर मोजून दुसऱ्याकडून रान फोडून घ्यायचं. पहिल्या वर्षी धड पीक नाही. उलटलेल्या ढेकळांत कुऱ्हाडीने चीर पाडून मक्याचा दाणा टाकायचा आणि येईल ते घ्यायचं. त्यात विहीर, कुंपण, घर, बियाणं आणि पुढच्या सुगीपर्यंतचं पोटाचं बघायचं. लाकूड नाही, दगड सगळीकडे नाही. थोडक्यात, १८ डॉलरच्या जमिनीला शेकडो डॉलरचं भांडवल.

ते आणायचं कुठून? गहाण टाकून. पण पाच वर्षं होईपर्यंत जमीन नावावर नाही, मग गहाण काय टाकणार? तर कायद्यात एक पळवाट होती. सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरले की लगेच मालकी. १६० एकरांचे २०० डॉलर. कित्येकांनी हे २०० डॉलरसुद्धा कर्जाने काढले, पट्टा हातात घेतला आणि त्याच दिवशी तो गहाण ठेवला. पूर्वेकडच्या शहरांतल्या लोकांची बचत गोळा करून कॅन्ससमध्ये कर्जं वाटणाऱ्या कंपन्याच होत्या. १८८०च्या दशकात पैसा स्वस्त, पाऊस बरा, एजंट दारात उभे. पुढचं मला नव्याने सांगायची गरज नाही, असलं पीक मी आयुष्यभर पाहिलंय.

बंडू_बोलका
झालं, सुरू झालं रडगाणं. त्याच कॅन्ससमध्ये रशियातून आलेल्या मेनोनाइट लोकांनी सोनं पिकवलंच ना? तीच माती, तोच पाऊस. फरक कष्टाचा आणि शिस्तीचा. फुकट मिळालेल्याची किंमत नसते हे साधं उत्तर आहे.

गवताळ
@बंडू, तोच पाऊस? नकाशा काढा.

कॅन्सस पूर्व-पश्चिम साधारण ४०० मैल. पूर्व टोकाला वर्षाला ४० इंच पाऊस, पश्चिम टोकाला १६ ते १८. शंभरावं रेखांश डॉज सिटीजवळून जातं, ढोबळमानाने २० इंचांची रेषा तिथलीच. त्याच्या पलीकडे ओलिताशिवाय दरसाल पिकाची खात्री नाही. कायद्याला मात्र सगळीकडे १६० एकरच. ओहायोच्या पावसात १६० एकर म्हणजे भरल्या घरची शेती. पश्चिम कॅन्ससात ती धड शेतीला पुरत नाही, धड गुरांना पुरत नाही. जॉन वेस्ली पॉवेल नावाच्या भूशास्त्रज्ञाने १८७८च्या अहवालात हेच लिहिलं होतं. कोरड्या मुलखात चराईसाठी घरटी २५६० एकर द्या म्हणाला. म्हणजे सोळापट! कोणी ऐकलं नाही. त्याऐवजी लोकांना दुसराच सिद्धान्त आवडला: नांगर जिथे जातो तिथे पाऊस मागून येतो. रान फोडलं की माती पाणी धरते, मग ढग जमतात, अशी त्यातली 'वैज्ञानिक' साखळी. नेब्रास्काच्या विद्यापीठातले प्राध्यापक सांगत होते, जमीन विकणारे छापत होते. आणि १८८०च्या दशकाच्या पूर्वार्धात योगायोगाने पाऊस पडलाही चांगला. १८८७पासून मात्र दहा वर्षांतली बरीचशी कोरडी गेली.

दुसरी गोष्ट: चांगल्या जागा होमस्टेडला उरल्याच कुठे? रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंचे एकाआड एक चौकोन सरकारने आधीच देऊन टाकले होते. एकट्या सँटा फे कंपनीला कॅन्ससात सुमारे ३० लाख एकर. फुकट हवी तर रुळापासून लांब जा, रुळाजवळ हवी तर पैसे मोजा. धान्य बैलगाडीने तीस-चाळीस मैल न्यायचं म्हटलं की फुकटची किंमत कळते.

अंबाडी
आमच्याकडं यवतमाळात सिलिंगच्या कायद्यानं कोरडवाहू ५४ एकरावर कोणाला ठेवता येत नाही, न् इथं १६० पुरत नाही म्हणता. पण खरं आहे. चौपन्न एकरवाल्याचं घर काय चालते ते मी माहेरी पायलं आहे. एकर मोजून उपयोग नाही, पाऊस मोजा.

एक सांगा, लाकूड नव्हतं म्हणता, तर चूल कशावर पेटवत?

गवताळ
अंबाडीताई, शेणावर! रानात बायसनचं (तिकडचा रानगवाच म्हणा) वाळलेलं शेण पडलेलं असे. बायका ओट्यात भरून आणत. पूर्वेकडून आलेल्या घरंदाज बाया म्हणे सुरुवातीला चिमट्याने उचलत, मग फडक्याने, आणि शेवटी नुसत्या हाताने उचलून, हात न धुता कणीक मळायला बसत. तिथली ही जुनी थट्टा आहे. बायसन संपले (१८७२ ते ७४च्या दोन-तीन वर्षांत कातड्यासाठी डॉज सिटीच्या आसपास त्यांची कत्तल झाली) तेव्हा गुरांचं शेण, वाळलं गवत पिळून केलेल्या पेंढ्या आणि मक्याची कणसं. १८८९-९०ला मक्याचा भाव इतका पडला की कोळसा विकत घेण्यापेक्षा मका जाळणं परवडायचं.

बायसनची हाडंही विकली त्यांनी. पीक बुडालं की पोरांना घेऊन रानात जायचं, हाडं गोळा करून गाडीभर रेल्वे स्टेशनवर टाकायची. खताच्या आणि साखरेच्या कारखान्यांत जायची ती.

ओसरी
गोवऱ्या न थापता नुसत्याच वेचायच्या म्हणजे सुखच की हो.

आणि घरं कसली बांधत? झोपड्या?

मुक्काम_विचिटा
@ओसरी आजी, गवताच्या ढेकळांची. नांगराने फूटभर रुंद पट्टा उलटायचा, कुदळीने दोन-तीन फुटांचे तुकडे कापायचे आणि विटांसारखे गवताची बाजू खाली ठेवून रचायचे. भिंत दोन-अडीच फूट जाड, उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार. छप्परही त्याचंच. त्यामुळे बाहेर एक दिवस पाऊस झाला की आत दोन दिवस गळायचं, आणि सैपाक करताना तव्यावर माती पडू नये म्हणून आढ्याला कापड ताणून बांधायचं. त्या कापडावर कधी साप पडे. असं एक घर संग्रहालयात पाहिलं. आत उभं राहिल्यावर ओल्या कोठीचा वास येतो.

दळणकर
धागा आज पाहिला. @बंडू_बोलका यांनी मेनोनाइट काढलेत तर आता माझी पाळी.

आधी ओळख: मी मॅनहॅटनला शिकलो. न्यू यॉर्कचं नव्हे, कॅन्ससचं मॅनहॅटन. (आमच्या आत्याने अजून गावात न्यू यॉर्कच सांगून ठेवलंय, मी खोडत नाही.) तिथलं शेती कॉलेज १८६३चं. दळणाच्या शास्त्रात रीतसर पदवी देणारं ते अमेरिकेतलं एकमेव ठिकाण. हो, गिरणीतच पदवी घेतलीय. विनोद सगळे ऐकून झालेत, नवीन असेल तरच टाका.

मेनोनाइट हे जर्मन बोलणारे, शस्त्र न धरणारे ख्रिस्ती. कॅथरीन राणीने त्यांना सैन्यातून सूट देऊन आज युक्रेनमध्ये असलेल्या गवताळ प्रदेशात वसवलं होतं. १८७०च्या दशकात झारने ती सूट काढायचं ठरवलं. सँटा फे रेल्वेला नेमके तेव्हा जमिनीला गिऱ्हाईक हवं होतं. कंपनीने त्यांच्याशी बोलणी केली, कॅन्सस विधिमंडळाने १८७४ला त्यांना सैनिकी सेवेतून सूट दिली, आणि त्याच वर्षी गावंच्या गावं उठून आली. मॅरियन, मॅकफर्सन, हार्वी या जिल्ह्यांत उतरली.

बंडूशेठ, इथे लक्ष द्या. यांनी होमस्टेड घेतलंच नाही फारसं. रेल्वेची जमीन विकत घेतली, रोख, सलग, अख्ख्या मंडळीसाठी एकत्र. मागची शेतं विकून आलेला पैसा गाठीला होता. जागा राज्याच्या मध्यावर, बऱ्या पावसाची. आणि दक्षिण रशियातली हवा जवळपास कॅन्सससारखीच, म्हणजे अनुभव आयता. कष्ट होतेच, पण शेजारच्या ओहायोवाल्याने काय कमी केले?

आणि त्यांचा गहू. टर्की रेड, लाल आणि कडक दाण्याचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायचा, बर्फाखाली झोपतो, जून-जुलैत कापायचा. म्हणजे जुलै-ऑगस्टच्या होरपळणाऱ्या वाऱ्याआधी पीक घरात. मक्याला नेमका त्याच वाऱ्यात तुरा येतो. प्रत्येक घरातल्या पोरांनी एकेक दाणा निवडून पेटाऱ्यात भरून आणला, ही गोष्ट सांगतात. छान आहे, इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. शिवाय हिवाळी गहू कॅन्ससात आधीही होता. अ‍ॅबिलीनच्या टी. सी. हेन्रीने १८७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच शेकडो एकर लावला होता, पण तो मऊ जातीचा.

टर्की रेड पसरायला वीस-पंचवीस वर्षं लागली आणि त्याचं कारण गिरणी! दगडी जात्यावर मऊ गहू छान दळला जातो. कडक गहू टाकला की कोंडा फुटून पिठात मिसळतो, पीठ काळपट. म्हणून गिरणीवाले या गव्हाला भाव पाडून मागत. लोखंडी रुळांच्या गिरण्या आल्या, दळण्याआधी दाण्याला बेताचं पाणी मारून मुरवत ठेवायची पद्धत बसली, तेव्हा त्याच कडक गव्हातून उत्तम फुगणाऱ्या पावाचं पीठ निघू लागलं. बर्नहार्ड वार्केन्टिन हा त्यांच्यातलाच एक गिरणीमालक, हॉलस्टेड आणि मग न्यूटनला गिरण्या चालवल्या त्याने. या गव्हासाठी सगळ्यांत जास्त धडपड त्याची.

बंडू_बोलका
बरं, भांडवलाचा मुद्दा मान्य. पण "अख्ख्या मंडळीसाठी एकत्र" ही शिस्तच झाली ना? मी तेच म्हणत होतो.

दळणकर
तेवढं देतो तुम्हाला.

जाता जाता, गोसेल नावाच्या गावात त्यांचं छोटं संग्रहालय आहे. तिथे मळणीचे दगड आहेत: चुनखडीचा जाड रूळ, कडेने खोल खाचा पाडून दाते केलेले, मधून कणा. खळ्यावर घोड्यामागे ओढायचा. आमच्या सोलापूरकडे बैलांची पात धरायचे त्याच जागी हा. आल्या आल्या त्यांनी तो हौसेने घडवून घेतला, आणि थोड्याच वर्षांत वाफेवरचं मळणीयंत्र दारात आलं. मग दगड पडून राहिले, कोणी पायरीला लावले.

चाकोरीबाहेर
सगळं वाचलं. एक शब्द सगळे सहज वापरताहेत: "फुकट". कोणाची होती ती जमीन?

ज्यांच्यावरून राज्याला नाव पडलं ते कॉ, म्हणजे कान्सा लोक. १८२५च्या तहात त्यांचा बहुतेक मुलूख गेला. १८४६ला काउन्सिल ग्रोव्हजवळ वीस मैल बाय वीस मैलांचा तुकडा ठेवला. १८५९ला तोही कापून नऊ बाय चौदा केला. १८७३ला उरलेल्यांना आजच्या ओक्लाहोमात नेलं. ओसेज, शॉनी, डेलावेअर, पोटावाटोमी यांच्याही कथा अशाच. त्यातले कित्येक तर पूर्वेकडून "ही जमीन कायमची तुमची" असं सांगून इथे आणलेले. १८५४ला कॅन्सस-नेब्रास्का कायदा करून गोऱ्यांना वसाहत खुली केली तेव्हा तिथे त्यांचेच तांडे राहत होते.

आणि शेतीचा इतिहास १८५४पासून का सुरू करता? @मुक्काम, तुमच्या शहराला ज्यांचं नाव आहे त्या विचिटा लोकांची मका, घेवडा, भोपळ्याची शेती होती. १५४१ला स्पॅनिश सरदार कोरोनाडो सोनं शोधत आला तेव्हा त्याला सोनं नाही, ही शेतं आणि गवताची घुमटाकार घरं दिसली.

गुलामीवाले आणि गुलामीविरोधी एकमेकांना मारत होते त्या "रक्तबंबाळ कॅन्सस"बद्दल भरपूर लिहिलं जातं. दोन्ही बाजू ज्या जमिनीवर भांडत होत्या तिच्याबद्दल कमी.

सातबारा
मुद्दा योग्य. शिवाय आर्थिक बाजूनेही महत्त्वाचा: पूर्व कॅन्ससातली बरीचशी आदिवासी राखीव जमीन काढून घेतल्यावर ती होमस्टेडला आलीच नाही, ती विकली गेली, रेल्वेला नाहीतर सट्टेवाल्यांना. म्हणजे गरिबाला मिळाली ती आणखी पश्चिमेची.

चाकोरीबाहेर
बरोबर. कॉ लोकांनी इ.स. २०००च्या सुमारास काउन्सिल ग्रोव्हजवळची दीडशेहून थोडी जास्त एकर जमीन परत घेतली. विकत.

अंबाडी
हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

मला टोळधाडीबद्दल विचारायचं होतं. १८७४ची फार मोठी होती ना?

गवताळ
हो. जुलैच्या शेवटी-ऑगस्टमध्ये आली. रॉकी पर्वताकडची टोळ. आधी दुपारी ढग आल्यासारखं अंधारलं, मग गारा पडल्यासारखा आवाज. मका काही तासांत बुंध्यापर्यंत. कांदे आणि सलगम तर जमिनीत पोखरून खाल्ले, वर नुसती भोकं. बायकांनी भाजीच्या वाफ्यांवर गोधड्या टाकल्या, तर गोधड्या खाल्ल्या. फावड्याच्या दांड्याला घामाचं मीठ मुरलेलं असतं, म्हणून दांडे कुरतडले. रुळांवर चिरडून इतका चिकटा झाला की आगगाड्यांची चाकं जागेवर फिरत. विहिरी, ओढे नासले. कोंबड्यांनी इतक्या टोळ खाल्ल्या की अंडी-मांस तोंडात धरवेना.

कितीतरी कुटुंबं गाडीला बैल जुंपून परत फिरली. राहिलेल्यांना पूर्वेकडून धान्य-कपडे आले, लष्कराचे जुने कोट-बूट वाटले. पुढे शेतकऱ्यांनी पत्र्याच्या लांब तव्याला डांबर फासून ते शेतातून ओढायला सुरुवात केली, उडणारी टोळ त्यात चिकटायची.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. एक, टोळ येण्याआधीच हिवाळी गहू कापून झाला होता. मक्याकडून गव्हाकडे वळायला या वर्षाने मोठा धक्का दिला. आणि मेनोनाइट आले ते याच सुगीनंतर, ओसाड शेतं बघत! दुसरी, ही टोळ आज जगात नाही. १९०२ साली कॅनडात शेवटची जिवंत सापडली, त्यानंतर कोणाला दिसली नाही. ती अंडी घालायची त्या डोंगरखोऱ्यांतल्या नदीकाठच्या जमिनी शेतकऱ्यांनी नांगरल्या आणि गुरं घातली, म्हणून संपली, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

फुकट_फौजदार
म्हणजे टोळांना नष्ट केलं आणि कोणाला कळलंसुद्धा नाही. आमच्या सोसायटीतल्या डासांवर असा अपघाती उपाय कोणी सुचवेल का?

ओसरी
लाल गव्हाचं वाचून आठवलं. आमच्या लहानपणी रेशनला अमेरिकेचा लाल गहू यायचा. पोळी रबरासारखी. आई कणीक तासभर भिजवून ठेवायची तरी लाटताना आखडायची. आणि ७२च्या दुष्काळात मिलो! लाल ज्वारी. भाकरी थापली की कडा फाटायच्या, रंग विटकरी. नगर जिल्ह्यात खडी फोडायच्या कामावर बाया त्याच भाकऱ्या बांधून न्यायच्या. आम्ही पोरं नाकं मुरडायचो, आजी म्हणायची, "नावं ठेवू नका, सातासमुद्रापलीकडून आलीय ती."

हे सगळं त्या कॅन्ससातलं का हो?

दळणकर
आजी, नेमकं त्याच राज्यातलं का ते सांगता येणार नाही, पण नातं आहे. कडक लाल हिवाळी गव्हात कॅन्सस पहिल्या रांगेत आणि मिलोत, म्हणजे दाण्याच्या ज्वारीत, अमेरिकेत अव्वल. कोरड्या पश्चिम भागात मका जळतो तिथे ज्वारी तग धरते, हे शेतकरी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शिकले. ज्या पीएल-४८० या अमेरिकेच्या धान्य-मदतीच्या कायद्याखाली साठच्या दशकात गहू आला त्यावर १९५४ला सही करणारे आयझेनहॉवर अ‍ॅबिलीनचे, कॅन्ससातच वाढलेले. पाव फुगवायला पिठात जो चिवटपणा लागतो तोच पोळी आखडवतो. त्या गव्हात खोट नव्हती, तव्याशी जमलं नाही एवढंच.

बंडू_बोलका
आणि त्याच गव्हातून गाजर गवत आलं, ते विसरू नका!

गवताळ
हे दर धाग्यात येतं. पुण्यात गाजर गवताची नोंद १९५५-५६च्या सुमाराची आणि पीएल-४८०चा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६चा. त्याआधी १९५१च्या कर्जाऊ गव्हातून आलं असेल म्हणा हवं तर. पण धागा कॅन्ससचा आहे, गवताचा वेगळा काढा.

फुकट_फौजदार
गवताळ यांनी गवतावर बोलायला नकार दिला. नोंद घ्यावी.

उनाड_पांथस्थ
निकोडेमसचं कोणीच लिहिलं नाही? मी मागे आय-७० हायवे सोडून मुद्दाम तिथे गेलो होतो. ग्रॅहम जिल्हा, आजूबाजूला काहीही नाही.

१८७७ला केंटकीतून आलेल्या, गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांनी वसवलेलं गाव. जाहिरातीत सुपीक जमीन, गाव, शिकार असं सगळं छापलेलं. विलियाना हिकमन नावाची बाई १८७८ला नवऱ्याबरोबर पोचली. तिची आठवण प्रसिद्ध आहे: पुरुष ओरडले, ते बघा निकोडेमस! तिने पाहिलं तर गाव कुठेच नाही, नुसते जमिनीतून वर येणारे धुराचे लोट. लोक जमिनीत खड्डे खणून त्यात राहत होते. ती रडायला लागली. पहिल्या हिवाळ्यात शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज लोकांनी अन्न वाटून दिलं म्हणून निभावलं. नांगर-बैल जवळजवळ नाहीत. कुदळी-फावड्यांनी रान खणलं.

तरी दहा वर्षांत दुकानं, शाळा, चर्च, वर्तमानपत्र. आणि मग १८८८ला रेल्वे आली ती नदीपलीकडून. गावकऱ्यांनी रेल्वेसाठी पैसे उभे करायची तयारी दाखवली होती, तरी. दुकानं उचलून रुळाकडे गेली, गाव ओसरलं. आज मोजकी घरं आहेत, १९९६पासून राष्ट्रीय वारसास्थळ आहे. उन्हाळ्यात वंशज देशभरातून जमतात.

चाकोरीबाहेर
पांथस्थ, धन्यवाद. ओसेजांना स्वतःलाच तोवर कॅन्ससातून हाकललेलं होतं, तरी अन्न त्यांनी दिलं.

मुक्काम_विचिटा
प्रतिसादांनी खजिना उघडला! पण मूळ प्रश्नाकडे येऊ. भांडवल, पाऊस, रेल्वे, टोळ. यातलं बुडवणारं नेमकं कोणतं?

सातबारा
एकेकटं कोणतंच नाही. हिशेब बघा.

कर्ज डॉलरमध्ये ठरलेलं, जमिनीवर व्याज आठ-दहा टक्के, गुरं-अवजारांवर त्याहून बरंच जास्त. कर्ज घेतलं तेव्हा गव्हाला डॉलरच्या आसपास भाव. मग रशिया, अर्जेंटिना, आपला पंजाब, सगळीकडचा गहू आगगाडी आणि बोटीने एकाच बाजारात यायला लागला आणि १८९०च्या दशकात भाव निम्म्यावर आला. म्हणजे तेवढंच कर्ज फेडायला दुप्पट पोती. कापणी-बांधणीची यंत्रं घेतलेली, त्यांचे हप्ते वेगळे. मालवाहतुकीला एकच रेल्वे, दर ती ठरवणार. त्यावर १८८७चा दुष्काळ. आणि तेव्हाच पूर्वेकडच्या गुंतवणूकदारांनी हात आखडला, जुनं कर्ज नव्याने फिरवून मिळेना. १८९०च्या गणनेत कॅन्ससातली निम्म्याहून जास्त शेतजमीन गहाण होती. गाडीच्या कापडावर लिहून लोक परतत: देवावर विसंबलो, कॅन्ससात बुडालो.

आपल्याकडचा धागाही त्याच बाजाराचा. अमेरिकेत १८६१ला यादवी लागली, कापसाचे भाव चढले, दख्खनला कर्ज सहज मिळू लागलं. १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळले, सावकाराने दार लावलं आणि १२ मे १८७५ला सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या कर्जाच्या वह्या जाळल्या. फरक एवढाच की कॅन्ससवाल्याच्या हातात मत होतं. १८९०ला त्यांनी शेतकऱ्यांचा पक्ष काढून विधानसभेचं खालचं सभागृह जिंकलं, वॉशिंग्टनला सिनेटर पाठवला, १८९२ला गव्हर्नर बसवला. मेरी एलिझाबेथ लीझ नावाची बाई राज्यभर सभा गाजवत फिरत होती, तेही बायकांना अजून पूर्ण मताधिकार नसताना.

अंबाडी
मग त्यांच्या राज्यात काही झालं का, का नुसतीच भाषणं?

सातबारा
थोडं झालं. गहाण जमीन लिलावात गेल्यावर ती सोडवून घ्यायला शेतकऱ्याला मुदत देणारा कायदा १८९३ला आला. बाकी बरंच कोर्टात आणि आपसांतल्या भांडणात अडकलं. १८९६नंतर पाऊस सुधारला, भाव वर आले, आणि चळवळ विरली.

बंडू_बोलका
म्हणजे शेवटी पावसानेच वाचवलं. चाळीस वर्षांनी धुळीची वादळं आली तेव्हा परत तेच.

गवताळ
तेव्हा तर वेगळंच. पहिल्या महायुद्धात गव्हाला हमीभाव, ट्रॅक्टर नवे, उरलंसुरलं रान एकोणीसशे वीसच्या दशकात फोडलं. १४ एप्रिल १९३५चा काळा रविवार. पण त्याला स्वतंत्र धागा लागेल आणि मला उद्या लवकर उठायचंय.

मुक्काम_विचिटा
काढाच तो धागा. तोवर या शनिवारी गोसेलला जाऊन मळणीचे दगड बघून येतो. ग्रीन्सबर्गची हाताने खणलेली विहीरही यादीत आहे, १८८७-८८ची, १०९ फूट खोल आणि ३२ फूट रुंद. जवळपासचं कोणी येणार असेल तर सांगा, गाडीत तीन जागा आहेत.

दळणकर
मी टोपीकाहून येतो, न्यूटनला भेटू. डबा ओसरी आजींच्या पद्धतीने आणू का, मिलोच्या भाकऱ्या? पीठ आहे घरी.

ओसरी
पाणी चांगलं उकळून उकड काढून घे रे, नाहीतर फाटतील. आणि लसणीची चटणी ने बरोबर.